एकच पॅकेज, दोन डोकी: बेळगावात केलेलं जीएफसी आणि ते निळं पेप्टाईड सीरम

सुरुवातीलाच सांगून टाकते, क्लिनिकचं नाव लिहिणार नाही आणि सीरमचं पण नाही. क्लिनिक बेळगावातलंच आहे एवढं पुरे, आणि सीरमचं म्हणाल तर बाटलीमागची घटकांची यादी वाचली की तशीच चार-पाच सीरमं बाजारात दिसतात, एकाला झोडायचं आणि बाकीच्यांना सोडायचं हे बरं नव्हे. मी वडगावात राहते, ब्लाउज-ड्रेस शिवते, आमचे हे उद्यमबागला फाउंड्रीत आहेत. केसांसाठी जीएफसी (ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट, आपल्याच रक्तातून काढून डोक्यात टोचतात ते) करून घ्यायला दोघांनी मिळून त्या क्लिनिकला ४४,४९८ रुपये दिलेत, पावती अजून मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे, तेव्हा रिव्ह्यू जरा लांब होणार, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी ऑगस्टात मला डेंग्यू झाला. इकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, राकसकोपचं धरण भरलं की आम्ही खूश आणि डास पण खूश. पाच दिवस अ‍ॅडमिट होते, घरी आले, बरी झाले, विसरून पण गेले. मग दिवाळीच्या सुमारास केस जायला लागले. गळणं नव्हे हो, जाणं. मोरीची जाळी तुंबायची, कंगव्यात रोज मूठभर, बॉबिनमध्ये केस गुंडाळला जाऊन दोरा तुटायचा, आणि कहर म्हणजे शहापूरच्या एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमध्ये कापड आणि अस्तराच्या मधे माझा एक लांब केस शिवला गेला. तिनं तो हळूच ओढून काढला आणि माझ्या हातात दिला, काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. सासूबाई मात्र बोलल्या, "डोकं दिसूलालंय की गे तुझं."

माका झाला, जास्वंद झाली, कांद्याचा रस झाला (ह्यांचं म्हणणं, उशीला भज्यांच्या गाड्याचा वास येतोय), शेवटी डिसेंबरात क्लिनिक गाठलं.

आता बेळगावात जिकडं बघावं तिकडं केसांच्या क्लिनिकचे बोर्ड. कन्नडमध्ये मोठ्ठं, खाली इंग्लिश, मराठीत एक अक्षर नाही, पण आत गेलं की रिसेप्शनवरची पोरगी पहिलं वाक्य मराठीतच बोलते, "बसा की अक्का." एसी छान, पाणी विचारतात, बाथरूम स्वच्छ, ह्या बाबतीत काही म्हणजे काही तक्रार नाही. मग एका खोलीत नेऊन पेनसारखा कॅमेरा डोक्यावर फिरवला आणि टीव्हीएवढ्या स्क्रीनवर माझी टाळू दाखवली. तुम्ही कधी स्वतःची टाळू पन्नास-साठ पट मोठी करून बघितली नसेल तर बघू नका. नांगरलेल्या रानात मधेच एक ताट उभं असावं तशी दिसते कुणाचीही. घाबरायला होतं, आणि घाबरवायलाच ती दाखवतात असं आता वाटतंय.

ती समजावून सांगणारी पोरगी डॉक्टर नव्हती, काउन्सेलर होती. म्हणाली, "अक्का, ह्यात ग्रोथ फॅक्टर असतात, केसाला खत घातल्यासारखं, घातलं की येणारच की." डॉक्टर आले, चार मिनिटं बघितलं, ताप कधी आला होता, पाळी कशी आहे, रक्त तपासलंय का, काही विचारलं नाही. आणि ह्या गडबडीत आमचे हे, जे फक्त मला गाडीवरून सोडायला आलेले, त्यांच्या डोक्यावर पण कॅमेरा फिरला. ह्यांचा माथा गेली सात-आठ वर्षं विरळ होतोय, दोन्ही कोपरे मागं सरकलेत, सासऱ्यांचं पण तसंच होतं, आम्ही त्याचं दुःख करायचं कधीच सोडलेलं. पण पोरगी म्हणाली कपल ऑफर आहे. एका सिटिंगचे ५,५००, चार सिटिंगचं पॅकेज माणशी २०,०००, वर सीरम १,४५० ची एकेक बाटली आणि बायोटिन ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, त्या लहान पोरांच्या जेलीसारख्या असतात बघा, ७९९ चा एकेक डबा. बाहेर आलो तेव्हा ह्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

जीएफसी म्हणजे काय ते सांगते, कारण जायच्या आधी मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. हातातून रक्त काढतात, खास ट्यूबमध्ये भरतात, ट्यूब वरखाली करून थोडा वेळ ठेवतात, मग सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. आपल्या रक्तातल्या प्लेटलेटच्या आत बारीक पिशव्या असतात, त्यात जखम भरून आणायचे निरोप भरलेले असतात, पीडीजीएफ, व्हीईजीएफ, आयजीएफ-१, ईजीएफ अशी सगळी नावं. पीआरपी म्हणून ह्याचाच दुसरा प्रकार असतो त्यात प्लेटलेटच टोचतात, जीएफसीमध्ये पिशव्या ट्यूबमध्येच फोडून वरचं स्वच्छ पिवळसर पाणी तेवढं घेतात. मला गंमत वाटली ती ही की ऑगस्टात ज्या प्लेटलेट कमी झाल्या म्हणून घरचे रडत होते त्याच डिसेंबरात पैसे देऊन फोडून घेतल्या. सुई इन्सुलिनची, बारीक, पण एक नव्हे, भांगापासून टाळूपर्यंत साठ-सत्तर वेळा. सुन्न करायचं मलम लावतात, त्याचा मला मागच्या बाजूला उपयोग झाला, कपाळाजवळ अजिबात नाही. नर्सचा हात मात्र हलका होता, कन्नडमधून "आयतु, आयतु" म्हणत, म्हणजे झालं झालं, पूर्ण पाऊण तास. ती नर्स नसती तर मी दुसऱ्या सिटिंगला गेलेच नसते.

आता मुद्द्याचं.

माझी भाची फार्मसीला आहे, निपाणीहून सुट्टीत आलेली, तिला मी तो खताचा किस्सा सांगितला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, खत नाही गं, निरोप. आणि निरोप कुठला, कधी, कुणाला, ह्यावर सगळं आहे. मग तिनं माझ्या कटिंग टेबलावर खडूनं गोल काढून समजावलं. डोक्यावर साधारण एक लाख केस, प्रत्येकाचं स्वतःचं कॅलेंडर. वाढायचा काळ, ॲनाजेन, दोन ते सहा वर्षं. मग कॅटाजेन, मूळ आक्रसून वर सरकतं, दोन-तीन आठवडे. मग टेलोजेन, तीनेक महिने नुसता आराम, केस तिथंच असतो पण वाढत नाही. मग जुना गळतो आणि त्याच मुळातून नवा चालू. कुठल्याही दिवशी दहातले साडेआठ-नऊ केस वाढत असतात, बाकी बसलेले, आणि रोज पन्नास-शंभर गळणं हे हिशोबातलंच. आपल्या डोक्यावर प्रत्येक केस वेगवेगळ्या तारखेला बसतो म्हणून कळत नाही. मोठा ताप आला, बाळंतपण झालं, ऑपरेशन झालं की वाढणाऱ्यांतले बरेच केस एकदमच संपावर जातात, आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. ऑगस्ट आणि दिवाळी. माझ्या डोळ्यासमोर तारखा होत्या आणि मला कुणी जोडून दाखवल्या नाहीत, क्लिनिकनं पण नाही.

आणि हे चक्र फिरवतो कोण, तर हेच ग्रोथ फॅक्टर. केसाच्या बुडाशी डर्मल पॅपिला म्हणून पेशींचा एक गाठीएवढा पुंजका असतो, तो मुकादम. तिथून आणि आजूबाजूनं निरोप सुटतात. आयजीएफ-१ म्हणतो चालू ठेव. लॅबमध्ये माणसाचं फॉलिकल, म्हणजे केस जिथून उगवतो ते मूळ, काढून बशीत ठेवलं तर आयजीएफ किंवा इन्सुलिन असेपर्यंत ते वाढत राहतं, काढून घेतलं की कॅटाजेनकडं झुकतं. एफजीएफ-७ पण वाढीच्या बाजूचा. व्हीईजीएफ रक्ताच्या बारीक नळ्या मुळाभोवती वाढवतो. पण सगळेच काही "वाढ" म्हणत नाहीत. टीजीएफ-बीटा म्हणतो आटपा. एफजीएफ-५ म्हणतो शिफ्ट संपली. १९९४ साली ज्या उंदरांत हा एफजीएफ-५ चा जीनच बंद केला त्यांचे केस अंगोरा सशासारखे लांब झाले, कारण थांबायचा निरोपच पोचेना. लांब केसांच्या बऱ्याच कुत्र्या-मांजरांत पण ह्याच जीनमध्ये बिघाड सापडलाय. नावात "ग्रोथ" आहे म्हणून केस वाढवणारच, असं नाही.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण मेंढराचं. माझं माहेर चिकोडीकडं, सुगी झाली की दरवर्षी धनगर आमच्या रानात मेंढरं बसवतात खतासाठी, आणि लहानपणी मी त्यांची लोकर कातरताना तासन्‌तास बघितलंय, ती लोखंडाची कातर, मेंढरू पायात दाबून धरलेलं, आणि लोकर गोधडी सोलल्यासारखी सलग उतरते. भाची म्हणाली, ऑस्ट्रेलियात ही कातर टाळायची एक पद्धत काढलेली, मेंढराला ईजीएफचं इंजेक्शन. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर! जो शोधल्याबद्दल स्टॅनली कोहेन यांना रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांच्याबरोबर १९८६ चं नोबेल मिळालं तोच. तो टोचला की मेरिनो मेंढराच्या लोकरीची वाढ थोडे दिवस थबकते, धाग्यात एक कमजोर जागा तयार होते आणि अख्खी लोकर तिथून सुटते, खाली पडू नये म्हणून आधीच मेंढराला जाळी घालतात आणि काही आठवड्यांनी जाळीसकट उतरवतात. म्हणजे ग्रोथ फॅक्टर देऊन केस गाळायचे. हे मी तिसऱ्या सिटिंगला त्या काउन्सेलर पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, ते मेंढराला." बरोबर आहे, ते मेंढराला, आणि डोसही वेगळा. पण ईजीएफचं नाव त्यांच्या पोस्टरवर पहिलं होतं, म्हणून विचारलं.

सीरमकडं येते. बाटली सुंदर, ड्रॉपर चांगला, रंग निळा, अगदी कपड्याला घालायच्या निळीच्या पाण्यासारखा. हा रंग तांब्याचा. त्यात कॉपर ट्रायपेप्टाईड-१ आहे, म्हणजे ग्लायसीन, हिस्टिडीन, लायसीन ही तीन अमिनो आम्लं (प्रथिनाचे मणीच म्हणा) ओवलेली आणि त्यात तांबं धरलेलं. हे तीन मण्यांचं पेप्टाईड १९७३ साली लोरेन पिकार्ट यांना माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मात सापडलं. पेप्टाईड आणि ग्रोथ फॅक्टर यांत फरक आकाराचाच म्हणा ना, दोन्ही अमिनो आम्लांच्याच माळा, पण ईजीएफ ५३ मण्यांची आणि आयजीएफ-१ ७० मण्यांची. कातडीतून आपणहून आत जायला रेणू साधारण ५०० डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आत असावा असा एक ढोबळ नियम आहे. तीन मण्यांचं पेप्टाईड साडेतीनशेच्या आसपास, बसतंय. ईजीएफ सहा हजार, व्हीईजीएफ तर चाळीस हजारांच्या घरात. म्हणून बाटलीवर ग्रोथ फॅक्टर लिहिलेलं असेल आणि ते नुसतं वरून चोळायचं असेल तर मी पैसे देणार नाही, सुईच्या नेढ्यातून अख्खा नाडा ओवल्यासारखं आहे ते. लहान पेप्टाईडचं तसं नाही, आत जायची शक्यता तरी आहे, आणि तांब्याच्या एका पेप्टाईडनं बशीतलं माणसाचं फॉलिकल जरा लांबलं असं लॅबमध्ये दिसलंय. पण बशी ती बशी.

अजून एक, बाटली फिरवून मागची यादी वाचा. माझ्या सीरममध्ये दोन पेप्टाईडं होती, दोन्ही फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली. ते टिकवायचं केमिकल, साधारण एक टक्क्यापर्यंतच घालतात, म्हणजे त्याच्या खाली जे जे लिहिलंय ते टक्क्याच्या आतलं. पेप्टाईड थोड्यातच काम करतं म्हणतात त्यामुळं एवढ्यावरून फसवणूक म्हणणार नाही, पण पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात पेप्टाईड आणि मागं वरून चौथ्या नंबरला ग्लिसरीन, हे बघून ठेवायला काय जातंय. वापरायला म्हणाल तर चिकट नाही, वास नाही, खाज सुटली नाही, केस तेलकट होत नाहीत. पांढऱ्या उशीच्या अभ्र्याला हलका निळा डाग मात्र पडतो. बाटली दीड महिना पुरली, पुढच्या दोन मी दुकानातून घेतल्या, क्लिनिकपेक्षा दोनशेनं स्वस्त.

तिसरं सिटिंग फेब्रुवारीत झालं, गळणं कमी झालेलं पण होतं अजून, तेव्हा भाचीनं जबरदस्तीनं एका जुन्या स्किनच्या बाई डॉक्टरांकडं नेलं. बसायला लाकडी बाकडं, पंख्याचा आवाज, फी ४०० रुपये. बाईंनी आधी विचारलं काय तर, "तीन-चार महिने आधी काय झालं होतं?" बस. मग अंगठा आणि दोन बोटांत पन्नासेक केस धरून हळू ओढले, असं चार ठिकाणी केलं आणि जे हातात आले ते मोजले. मला म्हणाल्या घरी गेल्यावर गळलेले केस काळ्या कपड्यावर ठेवून बघा. माझ्याकडं काळ्या अस्तराचे तागेच आहेत. सकाळच्या उजेडात, सुईत दोरा ओवताना बघते तसं डोळ्याजवळ नेऊन बघितलं, तर प्रत्येक केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा गोंडा, राजगिऱ्याच्या दाण्याच्या पण निम्मा, कोरडा. तो टेलोजेनचा केस, पूर्ण मुदत बसून मग पडलेला. गोंडा नसेल तर तुटलेला समजायचा. माझे जवळपास सगळे गोंड्यासकट. बाई म्हणाल्या होत्या, असा गोंड्याचा केस पडतो तेव्हा खाली नवा बहुतेक चालू झालेला असतो, जुना गेला म्हणून रडू नका.

रक्त तपासायला सांगितलं, थायरॉईड आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), आणि ह्या जेलीच्या गोळ्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला लावल्या. बायोटिन जास्त पोटात असलं की थायरॉईडसारखे काही रिपोर्ट फसवे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये तशी सूचना पण काढली होती. क्लिनिकनं डबा हातात देताना हे सांगायला पाहिजे होतं की नको? थायरॉईड नॉर्मल आलं, फेरिटिन ११. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, त्याचा महिन्याचा खर्च सांगितला तर तुम्ही ४४,४९८ कडं परत बघाल.

आता खरी गंमत. मार्चपर्यंत माझ्या भांगाच्या दोन्ही बाजूंना नवे केस उभे राहिलेले, अँटेनासारखे, कितीही तेल लावा बसत नाहीत. क्लिनिकमध्ये सगळे खूश, काउन्सेलरनं माझा फोटो मागितला जाहिरातीला. मी पण खूश होते, खोटं कशाला सांगू. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी भाचीनं माझीच टेप घेतली आणि कपाळाजवळचे ते नवे केस ताणून मोजले. सात सेंटीमीटर, काही साडेसात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मागं मोजत जा, मे, एप्रिल, मार्च... सात महिने मागं गेलं की नोव्हेंबरची सुरुवात येते. शिवाय मूळ कातडीच्या आत चार-एक मिलीमीटर खोल, तेवढं अंतर चढून आला तो वेळ वेगळाच. पहिली सुई मला टोचली १४ डिसेंबरला. म्हणजे ज्या केसांचा फोटो त्यांनी जाहिरातीला मागितला ते केस मी क्लिनिकची पायरी चढायच्या आधीच निघालेले होते! कुणाची वाढ थोडी कमी-जास्त असते, एखादा सेंटीमीटर इकडंतिकडं धरा, तरी हिशोब बसत नाही. लोहाच्या गोळ्यांना पण ह्या केसांचं श्रेय देता येत नाही, त्या तर फेब्रुवारीत आल्या.

भाची म्हणते लॅबमध्ये उंदरावर हेच होतं, फक्त तिथं लोक सावध असतात. काळा उंदीर सात आठवड्यांचा झाला की पाठीवरचे केस एकाच वेळी आरामात जातात, आपल्यासारखं प्रत्येकाचं वेगळं कॅलेंडर नसतं. तेव्हा पाठ भादरतात आणि औषध लावतात, गुलाबी कातडी काळपट व्हायला लागली की ॲनाजेन चालू. पण काही न लावलेला उंदीर पण थोड्या दिवसांनी काळपट होणारच असतो, म्हणून शेजारी नुसतं पाणी लावलेले उंदीर ठेवतात आणि फरक मोजतात. माझ्या शेजारी पाणी लावलेली दुसरी मी नव्हते. होत्या त्या आमच्या गल्लीतल्या वहिनी, त्याच पावसात त्यांना पण डेंग्यू, दिवाळीला त्यांचे पण केस गेले, त्यांनी माका उकळलेलं खोबरेल लावलं आणि त्यांचे पण मार्चात अँटेना. त्या माक्याचे गुण सगळ्या वडगावाला सांगत फिरतात. मी त्यांना काय तोंडानं बोलू?

आता आमच्या ह्यांचं. इथं गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि पॅकेज मात्र तेच, सुया तेवढ्याच, बाटली तीच. बापाचं बघून येणारं टक्कल केस गळण्यामुळं पडत नाही, दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो म्हणून पडतं. डीएचटी नावाचं हार्मोन त्या मुकादमाला, डर्मल पॅपिलाला भरीस पाडतं, आणि तो टीजीएफ-बीटा, डीकेके-१ असले आटपा-आटपाचे निरोप सोडत राहतो, मग ॲनाजेन वर्षांवरून महिन्यांवर येतो. फाउंड्रीत कसं, भोंगा वाजला की सगळे बाहेर. आत कितीही चहा पाठवा, भोंगा वेळेआधीच वाजत असेल तर काम निम्मंच होणार. जीएफसीनं चालू-ठेवाचे निरोप तीन वेळा आत टाकले, भोंगा वाजवणारा तसाच. त्याच्यासाठी फिनास्टेराईडची गोळी असते, ती डीएचटी कमी करते, पण ती डॉक्टरशिवाय घ्यायची नाही आणि दिवस जायची शक्यता असलेल्या बाईनं अजिबात नाही. आणि मिनॉक्सिडिल, ते मुळात ब्लड प्रेशरचं औषध, १९८८ मध्ये अमेरिकेत केसाला लावायला मंजूर झालं, पॅपिलाच्या पेशीत व्हीईजीएफ वाढवतं असं लॅबमध्ये दिसलंय, आणि औषधाच्या दुकानात माझ्या सीरमच्या निम्म्या पैशात मिळतं. सुरुवातीला अजून केस गळतात म्हणून लोक घाबरून सोडतात. त्या बाई डॉक्टरांनी ह्यांना हीच दोन सांगितली, जीएफसी करायचंच असेल तर ह्या औषधांच्या जोडीनं करा, एकटं नको. पीआरपी-जीएफसीवर अभ्यास झालेत, टकलावर काहींत फायदा पण दिसलाय, पण प्रत्येकाची ट्यूब वेगळी, फिरवायचा वेग वेगळा, किती वेळा ते वेगळं, त्यामुळं एकाचं दुसऱ्याला लावता येत नाही.

ह्यांना फरक पडला का? क्लिनिकच्या फोटोत भरपूर. आधीचा फोटो ओले केस, डोक्यावर सरळ ट्यूबलाईट. नंतरचा कोरडे, फुगवलेले, हनुवटी जरा वर. मी ह्यांचा फोटो काढायचे दर एक तारखेला, दुकानात त्याच स्टुलावर, त्याच वेळेला, त्यात माथा थोडा, अगदी थोडा भरल्यासारखा एप्रिलमध्ये वाटला, ऑगस्टपर्यंत परत होता तसा. विसर्जनाला कपिलेश्वर तलावाजवळ दरवर्षी मागून गर्दीचा फोटो काढते मी, त्यात ह्यांचं डोकं नेहमी येतं, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा शेजारी ठेवून पोराला विचारलं कुठला कुठल्या वर्षीचा, तर त्यानं मंडपाच्या रंगावरून ओळखलं.

तेव्हा मार्क द्यायचे तर स्वच्छता आणि स्टाफला पाचपैकी साडेचार, नर्सला पाच. तपासणीला एक. संमतीचा फॉर्म सहा पानी, अख्खा इंग्लिशमध्ये, मराठीत नाही, कन्नडमध्ये पण नाही, "सही करा की, सगळेच करतात" म्हणाले, त्याला शून्य. सीरमला अडीच, वापरायला छान आहे, काम करतं का ते माझ्या डोक्यावरून तरी सांगता येत नाही आणि ह्यांच्या डोक्यावर दिसलं नाही. ज्यांचे केस ताप-बाळंतपण होऊन तीन महिन्यांनी चाललेत त्यांनी आधी काळ्या कपड्यावर गोंडा बघा, फेरिटिन आणि थायरॉईड करा, आणि सहा महिने कळ काढा, त्यातले बहुतेक येतात. सहा महिन्यांनंतर पण थांबलं नाही किंवा गोल चट्टेच पडायला लागले तर मात्र घरात बसू नका.

ह्यांचं चौथं सिटिंग अजून शिल्लक आहे. तिसऱ्यालाच कपाळाजवळच्या सुयांनी ह्यांचे डोळे पाणावले आणि आता परत जाणार नाही म्हणून बसलेत. पैसे परत मागितले तर मिळत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या नावावर करून देतो म्हणाले, डिसेंबरच्या आत वापरा. परवा परत फोन आला, घरात अजून कुणाचे केस जातात काय म्हणून. फोन सासूबाईंनी घेतलेला. त्यांनी सांगितलं, म्हाताऱ्याचे गेलेत, पण ते कैलासालाच गेलेत, आणि ठेवून दिला.